सलोमी राणी आणि लग्नाचा कागद

काही वर्षांपूर्वी अलिबागकडे एका बेने इस्रायली लग्नाला गेले होते. नवरीची आई माझ्या बहिणीची शाळासोबतीण. मेंदीनं रंगलेले हात, बायकांचं ठसकेबाज मराठी, कोण कुठली साडी नेसलीय याची कुजबुज... सगळं आपल्याच घरातलं वाटत होतं. फक्त मंगलाष्टकांऐवजी हिब्रू प्रार्थना आणि मांडवाऐवजी सिनेगॉग. मध्येच सगळे एकदम गप्प झाले. प्रार्थना चालवणाऱ्या हजाननं एक कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

मला एक अक्षर कळेना. शेजारी नवरीच्या आत्या बसल्या होत्या, त्यांना हळूच विचारलं. त्यांनी सांगितलं, की हा केतुबा. लग्नाचा करार. नवऱ्यानं बायकोला काय द्यायचं, उद्या सोडलं किंवा तो आधी गेला तर तिच्या हातात किती रक्कम ठेवायची आणि त्या रकमेपोटी त्याची सगळी मालमत्ता कशी बांधलेली आहे, ते यात लिहिलेलं असतं. कागद बायकोच्या ताब्यात राहतो.

खरं सांगू? मला ते जरा खटकलंच. ऐन शुभमुहूर्तावर सोडण्याबिडण्याची भाषा! आपल्याकडे लग्नात आहेराची भांडी मोजतील, मानपानाच्या साड्या मोजतील, पण हा विषय कोणी काढला तर चार म्हाताऱ्या अंगावर धावून येतील. आत्याबाईंना मात्र त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या आईचा केतुबा त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवला होता.

घरी आले तरी तो कागद डोक्यातून जाईना. मग वाचत गेले, आणि वाचता वाचता एका राणीपाशी येऊन थांबले. सलोमी अलेक्झांड्रा तिचं नाव. हिब्रूत शेलोमसियोन, म्हणजे सियोनची शांती. सियोन हे जेरुसलेमचंच लाडकं नाव. (येशूच्या काळात योहानाचं शिर तबकात मागणारी सलोमी ती वेगळी बरं का! ती पुष्कळ नंतरची.) ही सलोमी इ. स. पू. ७६ ते ६७ अशी ९ वर्षं ज्यूंच्या राज्याची राणी होती. आजही जेरुसलेममधल्या एका रस्त्याला तिचं नाव आहे. तिची गोष्ट मी जितकी वाचली तितकी ती मला दूर देशातल्या राणीची कमी आणि एका घरातल्या बाईची जास्त वाटत गेली.

पण तिच्या घरात शिरण्याआधी थोडं मागे जायला हवं.

ज्यूंच्या धर्माचा पायाच मुळी करार. बायबलच्या पहिल्या भागाला आपण मराठीत ‘जुना करार’ म्हणतो ना, त्यातला करार तो हाच. देवानं आधी अब्राहामाशी आणि मग सीनाय पर्वतावर मोशेमार्फत सगळ्या लोकांशी केलेला. देव त्यांच्या पाठीशी राहील आणि त्यांनी त्याचे नियम पाळायचे. मुलाची सुंता ही त्या कराराची खूण आणि आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवायचं, तो शब्बाथ हीसुद्धा खूण. आपण कोण, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर या करारात होतं.

इ. स. पू. १६७ मध्ये अँटिओकस एपिफनीस या ग्रीक राजानं या खुणांवरच घाला घातला. सुंतेला बंदी, शब्बाथला बंदी. जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची वेदी उभी राहिली. तेव्हा मोदीन गावचा मत्ताथिया नावाचा म्हातारा याजक आणि त्याची पाच मुलं बंड करून उठली. इ. स. पू. १६४ मध्ये त्याच्या यहुदा मक्काबी या मुलानं मंदिर परत मिळवून शुद्ध केलं. त्याच्याच आठवणीत हनुक्काचे दिवे लागतात. पुढे याच घराण्याच्या हातात महायाजकपद आलं, मग राज्यही आलं. हासमोनी घराणं ते.

आता कसं होतं बघा. धर्मासाठी लढणाऱ्याची तिसरी पिढी गादीवर बसली की तिला गादीच गोड लागायला लागते. मत्ताथियाचा नातू योहान हिर्कानस यानं शेजारचा इदूमी मुलूख जिंकला आणि तिथल्या लोकांना सुंता करून ज्यू होण्याची सक्ती केली. ज्या घराण्यानं धर्माच्या सक्तीविरुद्ध तलवार उपसली होती, तेच घराणं आता तलवारीच्या धाकानं धर्म देत होतं!

या घरात सलोमी सून म्हणून आली. तिचा जन्म साधारण इ. स. पू. १४० चा. नवरा अरिस्तोबुलस, योहान हिर्कानसचा थोरला मुलगा.

इ. स. पू. १०४ मध्ये सासरा वारला. जाताना त्यानं राज्यकारभार आपल्या बायकोच्या, म्हणजे सलोमीच्या सासूच्या हाती सोपवला होता. मुलाला ते सहन झालं नाही. त्यानं सख्ख्या आईला कैदेत टाकलं आणि अन्न तोडून मारलं. भावांनाही बेड्या घातल्या. ज्या एका भावावर त्याचं प्रेम होतं, तोसुद्धा संशयापायी मारला गेला. त्याच काळात त्यानं स्वतःला राजा म्हणवून घ्यायला सुरुवात केली. वर्षभरात तो आजारी पडून मेला.

हे सगळं सलोमीच्या डोळ्यांदेखत झालं. नवऱ्यानं लिहून दिलेलं राज्य बाईच्या हातात किती वेळ टिकतं आणि मुलगाच ते कसं हिसकावून घेतो, हे तिनं तेव्हाच पाहून ठेवलं असणार.

नवरा जाताच तिनं पहिलं काम केलं ते दिरांच्या बेड्या काढण्याचं. त्यातल्या अलेक्झांडर यान्नाय या दिराला तिनं गादीवर बसवलं. बहुतेक इतिहासकार मानतात, की तिनं त्याच्याशीच लग्न केलं. भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशी दिरानं लग्न करायचं, अशी ज्यूंमध्ये रीतच होती. ती वयानं त्याच्यापेक्षा बरीच मोठी होती. त्यांना दोन मुलगे झाले, हिर्कानस आणि अरिस्तोबुलस. (नावं तीच तीच येतात खरी. पण आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच की!)

दुसऱ्या नवऱ्याबरोबरचा तिचा संसार २७ वर्षांचा. आणि कसला संसार! यान्नाय सतत लढाईवर असायचा. घरी असला की दारू.

त्या वेळी ज्यूंमध्ये दोन मोठे पंथ होते. एक सदूकी. बडे याजक आणि श्रीमंत घराणी त्यांच्या बाजूची. त्यांचं म्हणणं, लिहिलेलं धर्मशास्त्र तेवढं खरं. दुसरे परूशी. लिहिलेल्या नियमांबरोबर पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली शिकवण तितकीच महत्त्वाची, असं ते मानायचे. पावित्र्य मंदिरापुरतं ठेवायचं नाही, रोजच्या जेवणाच्या पानावर, बाजारात, शब्बाथच्या संध्याकाळी घरातसुद्धा करार पाळायचा, हा त्यांचा आग्रह. सामान्य लोक त्यांचं ऐकायचे. राजा सदूक्यांच्या बाजूला होता.

एकदा मांडवांच्या सणात यान्नाय महायाजक म्हणून वेदीपाशी उभा असताना चिडलेल्या लोकांनी त्याला महाळुंगाच्या फळांनी मारलं. त्या सणात प्रत्येकाच्या हातात महाळुंग असतंच. राजानं सैनिक सोडले. जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार सांगतो, की ६,००० माणसं मेली. पुढे सहा वर्षं घरातच युद्ध पेटलं आणि त्यात त्याच्या म्हणण्याप्रमाणे ५०,००० मेले. बंडखोरांनी तर कंटाळून एका ग्रीक राजाला मदतीला बोलावलं, तेही ज्या घराण्याविरुद्ध मक्काबी लढले त्याच घराण्यातल्या!

शेवटी यान्नाय जिंकला आणि त्यानं सूड घेतला. ८०० विरोधकांना त्यानं जेरुसलेममध्ये क्रुसावर चढवलं. ते जिवंत असताना त्यांच्यासमोर त्यांच्या बायकामुलांचे गळे चिरले. राजा रखेल्यांबरोबर जेवत, पीत ते बघत होता. त्या रात्री ८,००० माणसं देश सोडून पळाली.

हे वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं होतं. ही बाई त्याच राजवाड्यात होती. तिनं काय केलं? ओरडली? रडली? जोसेफस एवढंच सांगतो, की नवऱ्याचं क्रौर्य तिला पसंत नव्हतं हे लोकांना माहीत होतं आणि म्हणून लोकांचं तिच्यावर प्रेम होतं.

ज्यूंच्या तलमूद या ग्रंथातल्या गोष्टी थोडं अधिक सांगतात. परूशींचा मोठा पंडित शिमोन बेन शताह हा राणीचा भाऊ होता, अशी परंपरा आहे. राजा त्याच्या जिवावर उठला तेव्हा राणीनं त्याला लपवलं. मग एकदा राजवाड्यात परदेशी पाहुणे जेवायला आले. पूर्वी या पंगतीला एक शहाणा माणूस असायचा, तो कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. राणीनं तो क्षण बरोबर पकडला. भावाच्या केसालाही धक्का लावणार नाही, अशी तिनं राजाकडून शपथ घेतली आणि मगच त्याला बोलावलं. शिमोन आला आणि सरळ राजा आणि राणीच्या मधल्या जागेवर जाऊन बसला! गोष्ट शतकांनंतर लिहिलेली आहे, तिच्यात मीठमसाला असेल. पण घरात माहेर आणि सासर यांच्यामध्ये उभं राहून, योग्य वेळ बघून, पाहुण्यांसमोर शब्द काढून घेणं... ही युक्ती कुठल्या बाईला नवीन आहे?

इ. स. पू. ७६ मध्ये यान्नाय जॉर्डन नदीपलीकडे रगाबा नावाच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. दारू आणि तीन वर्षांचा ताप यांनी शरीर पोखरलेलं. वय ४९. सलोमी छावणीत त्याच्याजवळ होती. राज्य तिनं चालवावं, असं त्यानं ठरवलं, आणि जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे जाताना सल्लाही दिला. किल्ला पडेपर्यंत मृत्यूची बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही. मग विजयी होऊन जेरुसलेमला जायचं आणि परूशींना सत्तेत वाटा द्यायचा. माझं प्रेत त्यांच्या स्वाधीन कर, त्याची विटंबना करायची तर करू देत, असंही त्यानं तिला सांगितलं.

चौसष्टीच्या आसपासची ती बाई. नवऱ्याचं प्रेत तंबूत, बाहेर सैन्य आणि समोर शत्रूचा किल्ला. तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नसेल, कारण काढायची सोय नव्हती. तिनं किल्ला घेतला. मग जेरुसलेमला जाऊन ज्यांची माणसं नवऱ्यानं मारली होती, त्यांच्याच हातात नवऱ्याचं प्रेत दिलं. आणि त्या माणसांनी काय केलं? आधीच्या कुठल्या राजाला मिळाली नव्हती अशा थाटात त्याची अंत्ययात्रा काढली!

मग सुरू झाली तिची ९ वर्षं. बाईला महायाजक होता येत नव्हतं, म्हणून ते पद तिनं थोरल्या हिर्कानसला दिलं. तो स्वभावानं शांत, कशात न पडणारा. धाकटा अरिस्तोबुलस तापट आणि महत्त्वाकांक्षी. त्याला तिनं सत्तेपासून लांब ठेवलं. पळून गेलेल्यांना परत बोलावलं, तुरुंगातल्यांना सोडलं. परूशींची शिकवण पुन्हा लागू केली. सैन्य दुप्पट केलं, भाडोत्री शिपाई ठेवले, शेजारच्या राजांकडून ओलीस ठेवून घेतले, पण मोठं युद्ध काढलं नाही. आर्मेनियाचा राजा तिग्रानेस प्रचंड फौज घेऊन किनाऱ्यावरच्या प्टोलेमाईस शहरापर्यंत आला, तेव्हा तिनं वकील आणि भारी नजराणे पाठवून त्याला गोंजारलं. तेवढ्यात रोमन सेनापती लुकुल्लस त्याच्या देशावर चालून गेला आणि तिग्रानेस परत फिरला. जेरुसलेमवर तलवार आलीच नाही.

लोकांच्या आठवणीत तिचा काळ सोन्याचा झाला. ज्यूंच्या परंपरेत सांगतात, की तिच्या राज्यात पाऊस शब्बाथच्या रात्री पडायचा. त्या वेळी सगळे घरात असत, त्यामुळे कुणाचं कामही बुडत नसे. गव्हाचा दाणा मूत्रपिंडाएवढा, मसूर सोन्याच्या नाण्याएवढी. पुढच्या पिढ्यांना दाखवायला म्हणे नमुने बाजूला काढून ठेवले होते. रक्तानं भिजलेल्या जमिनीत शेवटी पीक आलं, एवढाच याचा अर्थ मी घेते.

आणि आता आपला कागद.

केतुबा तिच्या आधीही होता. कुमारिकेसाठी २०० झूझ, विधवेसाठी १००. झूझ म्हणजे चांदीचं नाणं. ज्याच्याजवळ २०० झूझ आहेत त्यानं गरिबांसाठी शेतात सोडलेलं धान्य उचलू नये, असा नियम होता. त्यावरून रकमेचा अंदाज येतो. पण तलमूद सांगतं, की ही रक्कम आधी मुलीच्या बापाच्या घरी ठेवत. नवरा चिडला की तिला सरळ तुझ्या केतुब्याकडे जा म्हणून बाहेर काढायचा. मग ती सासरी ठेवायला लागले. श्रीमंत त्याची सोन्याचांदीची भांडी करून ठेवत. तरी भांडण झालं की हे घे तुझं आणि चालू लाग!

यावर तोडगा काढला तो शिमोन बेन शताहनं. त्यानं ठरवून दिलं, की रक्कम वेगळी काढून ठेवायची नाही. ती नवऱ्यानं धंद्यात वापरावी, पण माझी सगळी मालमत्ता तुझ्या केतुब्याला तारण आहे, असं त्यानं लिहून द्यायचं. झालं! आता रागाच्या भरात बायकोला काढायचं तर चालत्या धंद्यातून पैसा काढावा लागणार, नाहीतर जमीन विकावी लागणार. माणूस दोनदा विचार करणार. मनुष्यस्वभाव ओळखून बांधलेली गाठ होती ती. मुलांनी शाळेत जावं, हा नियमही ज्यू परंपरा याच शिमोनच्या नावावर मांडते.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच शिमोननं अश्कलोन गावी ८० बायकांना फाशी दिल्याची नोंद मिश्ना या जुन्या ग्रंथात आहे. चेटकिणी म्हणून. ती घटना अशीच घडली का, यावर अभ्यासकांना शंका आहे. पण एका हातानं बायकांना आधार आणि दुसऱ्या हातानं फास, असे सुधारक आपणही पाहिलेत.

सलोमीचा कारभारही निर्मळ नव्हता. परत आलेल्या परूशींनी जुने हिशेब काढले. ८०० जणांना क्रुसावर चढवण्याचा सल्ला देणाऱ्यांना त्यांनी एकेक करून मारायला सुरुवात केली. राणीला ते थांबवता आलं नाही. मग सदूकी सरदार राजवाड्यात आले, पुढे तिचाच धाकटा मुलगा. आम्ही तुमच्या नवऱ्यासाठी लढलो, आता मरायचं का, असा त्यांचा सवाल. तिनं मधला मार्ग काढला. त्यांना जेरुसलेमपासून दूर, देशभरच्या किल्ल्यांवर नेमलं. स्वतःचा खजिना असलेले तीन किल्ले तेवढे हातात ठेवले.

दोन्ही बाजू सांभाळायच्या, कुणालाच पूर्ण तोडायचं नाही... घरात आपण हेच करतो की! आणि घरात जे होतं तेच तिथे झालं.

जेरिकोला हासमोनी राजांचे हिवाळ्यातले वाडे होते. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन सुरू करणारे एहुद नेत्झर यांना दोन जुळे वाडे सापडले. शेजारी शेजारी, जवळपास एकसारखे. त्यांच्या मते ते सलोमीनं दोन मुलांसाठी बांधले. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडच्या किती तरी आया उभ्या राहिल्या. दोघांना सारखंच हवं, एक खिडकी कमीजास्त नको. म्हणजे भांडणं होणार नाहीत, असं त्या बिचाऱ्यांना वाटत असतं.

इ. स. पू. ६७ मध्ये राणी अंथरुणाला खिळली. अरिस्तोबुलस रात्री एका नोकराला घेऊन गुपचूप बाहेर पडला. फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ज्या किल्ल्यांवर आईनं त्याच्या मित्रांना नेमलं होतं, तिथेच तो गेला. साधारण पंधरा दिवसांत २२ किल्ले त्याच्या हातात आले. राणीनं त्याच्या बायकोला आणि मुलांना मंदिराशेजारच्या किल्ल्यात कैद केलं.

सासूला कैदेत मरताना पाहिलेल्या बाईनं शेवटी सुनेला आणि नातवंडांना कैदेत टाकलं. इथे मला तिचा राग आला. आणि तेवढीच कीवही.

थोरला मुलगा आणि राज्यातले वडीलधारे तिच्याकडे धावले, आता काय करायचं म्हणून. तिनं त्यांना सांगितलं, की सैन्य आहे, खजिना आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझ्या अंगात आता त्राण नाही. थोड्याच दिवसांत ती गेली. वय ७३.

पुढचं थोडक्यात सांगते. भाऊ भावावर उठला. थोरल्याच्या पाठीशी अंटिपाटर नावाचा इदूमी सरदार उभा राहिला. तोच तो इदूमी मुलूख, जिथे सलोमीच्या सासऱ्यानं सक्तीनं धर्म दिला होता! दोघे भाऊ न्याय मागायला रोमन सेनापती पॉम्पीकडे गेले. इ. स. पू. ६३ मध्ये पॉम्पीनं जेरुसलेमच घेतलं. जोसेफस १२,००० मेल्याचं सांगतो. जिथे वर्षातून एकदा फक्त महायाजक जाई, त्या गाभाऱ्यात पॉम्पी चालत गेला. स्वातंत्र्य संपलं. अंटिपाटरचा मुलगा हेरोद पुढे राजा झाला आणि सलोमीच्या पणतीशी, मरियम्नेशी लग्न करून त्यानं तिला ठार मारलं.

जोसेफसनं याचं खापर बऱ्यापैकी सलोमीवर फोडलं आहे. बाईच्या जातीला न शोभणारी सत्तेची हाव, असा त्याचा सूर. पण तिनं देशात शांतता ठेवली, हे त्यालाही कबूल करावं लागतं. म्हणजे आईला उपाशी मारणारा नवरा एक, ८०० माणसं क्रुसावर चढवणारा नवरा दुसरा, आई मरणाला टेकली असताना किल्ले बळकावणारा मुलगा तिसरा. आणि घर बुडालं ते म्हणे बाईमुळे! दोन हजार वर्षं झाली, काही गोष्टी बदलत नाहीत.

पण मला एक दिसतं. तिच्या घराण्याची तलवार गेली, गादी गेली. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिरही पाडलं. मंदिराबरोबर सदूकीही इतिहासातून नाहीसे झाले. टिकलं ते परूशींनी घराघरात रुजवलेलं. शब्बाथ, मुलांची शाळा, जेवणाचे नियम आणि बायकोच्या हातातला तो कागद. राज्य नसताना, मंदिर नसताना, देशोदेशी पांगलेल्या माणसांना आपण कोण हे त्यातूनच कळत राहिलं. या माणसांना राजवाड्याचं दार पहिल्यांदा मनापासून उघडलं ते सलोमीनं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचंच बघा. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या. ते तेल गाळायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायला लागलं. त्यांना पूर्वी हनुक्का माहीत नव्हता. त्यावरून त्यांच्यातल्या काहींनी असा तर्क केला, की पूर्वज मक्काबींच्या बंडाआधीच निघाले असावेत. ते कसंही असो. पोथी नाही, मंदिर नाही, तरी शनिवार आणि सुंता त्यांनी शतकानुशतकं सोडली नाही. चुलीपाशी आणि पाळण्यापाशी धर्म राखणारं कोण असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आज त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेलेत. रायगडातल्या सिनेगॉगमध्ये लग्नं क्वचितच होतात. त्या दिवशी कागद वाचून झाला, सही झाली आणि तो नवरीच्या हातात आला. तिनं तो आईकडे दिला, आईनं घडी न मोडता पिशवीत ठेवला. सलोमी राणीला आपल्या मुलांमध्ये करार घडवता आला नाही. पण तिच्या काळात बांधलेली ती गाठ तिकडे, अलिबागच्या त्या हॉलमध्ये, अजून सुटलेली नव्हती.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. लॉकरच्या पावत्या, घराचे कागद, विम्याच्या पॉलिशा... एकेक काढून बघितलं, कशाकशावर माझं नाव आहे ते. काय सापडलं ते नाही सांगत. तुम्ही तुमचं कपाट तेवढं उघडून बघा.